कावीळ : रोग नव्हे, रोगाची खूण

डोळे, त्वचा आणि लघवी पिवळी दिसू लागली की कावीळ झाली असे म्हटले जाते. मात्र कावीळ हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांचे लक्षण आहे. त्यामुळे सर्व काविळींवर एकच औषध असू शकत नाही.

रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. त्या नष्ट होताना बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते. रक्तात त्याचे प्रमाण सामान्यतः १०० मिलिलिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते अडीच-तीन मिलिग्रॅमच्या पुढे गेल्यास डोळ्यांत पिवळेपणा दिसतो.

कारणे तीन प्रकारची

१) तांबड्या पेशींचा अतिरिक्त नाश : मलेरिया, सिकलसेल यांसारख्या आजारांत असे घडते.

२) यकृताला इजा : हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाणी व अन्नातून पसरतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली काविळीची साथ हिपॅटायटिस ई ची होती. बी आणि सी हे विषाणू प्रामुख्याने रक्तावाटे पसरतात. अतिमद्यपान आणि क्षयरोगावरील काही औषधे यांमुळेही यकृताला सूज येते.

३) पित्तमार्गात अडथळा : नलिकेत अडकलेला खडा किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग हे त्याचे कारण असू शकते. अशा वेळी शौचाचा रंग पांढुरका होतो व अंगाला खाज सुटते.

गैरसमज का टिकतो?

हिपॅटायटिस ए आणि ई चे बहुतांश रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्याचे श्रेय मात्र गळ्यातील माळेला, मंत्राला किंवा झाडपाल्याला मिळते. हाच उपाय खडा किंवा कर्करोग असलेल्या रुग्णाने केला, तर उपचारांचा मोलाचा काळ वाया जातो. म्हणून रक्ततपासणी व गरजेनुसार सोनोग्राफी करून कारण निश्चित करणे आवश्यक असते.

विलंब नको

गुंगी येणे, असंबद्ध बोलणे, रक्तस्राव, सततच्या उलट्या किंवा थंडी वाजून ताप येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत हिपॅटायटिस ई जीवघेणा ठरू शकतो. नवजात बालकांत सौम्य कावीळ नेहमी आढळते. परंतु ती पहिल्या २४ तासांत दिसल्यास तातडीने तपासणी करावी.

हिपॅटायटिस ए आणि बी वर प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. उकळलेले पाणी, हातांची स्वच्छता आणि निर्जंतुक सुया यांमुळे विषाणूजन्य कावीळ बऱ्याच अंशी टाळता येते.