वंशावळीची वही आणि रानातली परीक्षा : सेटर कुत्र्यांच्या संकराचा वाद

आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात कुत्री कशाला? तर सुरुवात एका शब्दापासून करू. मराठीत ‘संकर’ हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. ‘वर्णसंकर’ म्हटलं की कुणीतरी विटाळ झाल्यासारखं तोंड करतं. आणि ‘संकरित बियाणं’ म्हटलं की तोच शब्द दुकानाच्या पाटीवर मिरवतो. शब्द एकच, पण एकीकडे भीती आणि दुसरीकडे आशा. ही भीती आणि आशा समोरासमोर आली की काय होतं, हे बघायला सेटर कुत्र्यांचा इतिहास फार उपयोगी आहे. गोष्ट इंग्लंड, आयर्लंड आणि अमेरिकेतली आहे.

आधी सेटर म्हणजे काय ते बघू. हा बंदुकीच्या शिकारीत पक्षी शोधून देणारा कुत्रा. तो सावजाच्या मागे धावत सुटत नाही. वाऱ्यावर तितराचा किंवा ग्राउसचा वास आला, की जागच्या जागी थिजतो, दबून बसतो, आणि मालक येईपर्यंत हलत नाही. बंदुका सरसकट येण्याआधी असा कुत्रा दबला की पुढे जाऊन पक्ष्यांवर जाळं टाकत. या दबून बसण्यावरूनच ‘सेटर’ हे नाव पडलं. म्हणजे बघा, जातीचं नाव रंगावरून नाही, गावावरून नाही, कामावरून आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या कुत्र्यांची पैदास कशी व्हायची? ज्याच्या रानात जे काम, तसा कुत्रा. शेजारच्या जमीनदाराकडे नाक तिखट असलेला कुत्रा असला, तर आपली कुत्री त्याला दाखवायची. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत की काळे, याची फिकीर फार थोड्यांना होती. आयर्लंडमध्ये लाल आणि लाल-पांढरी अशी दोन्ही पिल्लं सेटरमध्ये निपजत. तेव्हा तो दोष नव्हता.

मग अवघ्या पंधरा वर्षांत तीन गोष्टी घडल्या. 1859 साली न्यूकॅसल-अपॉन-टाइन इथे कुत्र्यांचं पहिलं संघटित प्रदर्शन भरलं. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते, आणि बक्षीस म्हणून एका बंदूकवाल्याने बंदुका दिल्या होत्या. 1865 साली बेडफर्डशायरमध्ये साउथिल इथे पहिली फील्ड ट्रायल झाली, म्हणजे रानातली परीक्षा. आणि 1873 साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. पुढच्याच वर्षी त्याची वंशावळीची नोंदवही, म्हणजे स्टड बुक, छापून आली.

आता या तिन्हींकडे एकत्र बघा. प्रदर्शन विचारतं, कुत्रा दिसतो कसा? ट्रायल विचारते, करतो काय? आणि स्टड बुक विचारतं, आईबाप कोण? तिन्ही प्रश्न वाजवी आहेत. भांडण सुरू झालं ते एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लावल्यामुळे. वहीत आईबाप स्वच्छ आहेत, म्हणजे कुत्रा चांगला, असं लोक धरून चालले.

या समजुतीला मोठं बळ दिलं एडवर्ड लॅव्हरॅक यांनी. त्यांचं ‘द सेटर’ हे पुस्तक 1872 साली आलं. त्यांचा दावा असा, की 1825 च्या सुमारास घेतलेल्या पाँटो आणि ओल्ड मॉल या एका जोडीपासूनच त्यांनी सगळा वंश वाढवला, बाहेरचं रक्त येऊ दिलं नाही. जवळजवळ पन्नास वर्षं! आपल्याकडे सोयरीक जुळवताना गोत्र बघणाऱ्यांना हे ऐकूनच कसंतरी होईल. पण त्या काळी लोकांना याची भुरळ पडली. पुढे मात्र लॅव्हरॅक यांच्याच पत्रव्यवहारातून निघालं, की एका कुत्र्याच्या रंगाचं स्पष्टीकरण देताना त्यांनी कंबरलंडमधल्या एडमंड कॅसलच्या सेटरांचं रक्त पूर्वी घेतल्याचं सांगितलं होतं. म्हणजे शुद्धतेचा जो सर्वात मोठा दाखला, त्याच्यातच ठिगळ. माझ्या मते ठिगळ लावलं यात वावगं काही नव्हतं. वावगं होतं ते छापील वंशावळीत त्याची नोंद नसणं.

लॅव्हरॅक यांनी आपलं पुस्तक ज्यांना अर्पण केलं, त्या पर्सेल लूएलिन यांनी नेमकं उलट केलं. लॅव्हरॅकच्या कुत्र्या-कुत्र्यांची त्यांनी ड्यूक आणि रीबी यांच्या वंशाशी वीण केली. या रीबीच्या अंगात गॉर्डन सेटरचंही रक्त होतं. कारण साधं होतं : त्यांना ट्रायल जिंकायच्या होत्या. त्यांच्या कुत्र्यांनी त्या जिंकल्या, अमेरिकेत त्यांना प्रचंड मागणी आली. आणि गंमत पुढे आहे. संकरातून झालेले हे ‘लूएलिन सेटर’ अमेरिकेत स्वतःच एक शुद्ध वंश ठरले, आणि त्यांची वेगळी नोंद ठेवली जाऊ लागली. कालचा संकर आज शुद्ध, आणि आजच्या संकराला दार बंद. सेटरांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

आता लाल कुत्र्याकडे येऊ, कारण खरी लढाई त्याच्यावरून झाली. आयरिश सेटरांत पामर्स्टन नावाचा एक कुत्रा 1870 च्या दशकात गाजला. असं सांगतात, की तो शिकारीला नाजूक म्हणून मालकाने त्याला बुडवून मारायला सांगितलं होतं. हिलियर्ड नावाच्या गृहस्थांनी तो मागून घेतला, आणि तो फक्त प्रदर्शनात दाखवायचा या अटीवर त्यांना तो मिळाला. कथा शब्दशः खरी धरू नका. पण एवढं नक्की, की प्रदर्शनांत हा कुत्रा चमकला, आणि लाल सेटरांच्या वंशावळी मागे नेल्या तर पामर्स्टन सापडतोच सापडतो. प्रदर्शनांना गडद, एकसारखा लाल रंग आवडला. लाल-पांढरे मागे पडले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळजवळ संपले.

अमेरिकेत हेच जास्त वेगाने झालं. कुत्रा देखणा, झुपकेदार, उंच झाला. रानातल्या ट्रायलमध्ये मात्र पांढरे इंग्लिश सेटर आणि पॉइंटर त्याच्यापुढे निघून गेले. 1940 च्या दशकात ‘फील्ड अँड स्ट्रीम’ या शिकारी मासिकातून कामाच्या लाल सेटरासाठी हाक दिली गेली. ती मनावर घेतली पेनसिल्व्हेनियातल्या नेड लग्रँड यांनी. 1950 च्या दशकात त्यांनी देशात उरलेले कामाचे लाल कुत्रे शोधून विकत घेतले, परदेशातूनही आणले. आणि मग पुढचं पाऊल टाकलं : शिकारी कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या ‘फील्ड डॉग स्टड बुक’ची परवानगी घेऊन, ट्रायल जिंकलेल्या इंग्लिश सेटरांशी संकर केला. पुढच्या पिढ्या पुन्हा लाल कुत्र्यांशी जुळवल्या, म्हणजे रंग परत येईल आणि काम टिकेल. कुत्र्यांची परीक्षा घ्यायला ‘नॅशनल रेड सेटर फील्ड ट्रायल क्लब’ही निघाला.

हे लपूनछपून झालं नाही, परवानगी घेऊन झालं. तरी विरोध पेटला. विरोधकांना आपण खुळे समजू नये, त्यांचं म्हणणं नीट ऐकू. पहिलं, नाव हा गिऱ्हाइकाशी केलेला करार आहे. आयरिश सेटर म्हणून पिल्लू घेणाऱ्याला आयरिश सेटरच मिळाला पाहिजे. दुसरं, आयर्लंडमध्ये लाल कुत्रे अजून डोंगरात राबत होते. मग तिथूनच रक्त का आणू नये, इंग्लिश कशाला? तिसरं, आज एकाला मुभा दिली तर उद्या कुणाकुणाला नाही म्हणणार? या तिन्ही प्रश्नांत वजन आहे. दुसऱ्याचं उत्तर मात्र थोडं वेगळं निघतं. लग्रँड यांनी बाहेरून लाल कुत्रे आणलेच होते, आणि तेवढ्यावर न थांबता संकराचा मार्गही धरला होता.

तोपर्यंत दोन नोंदवह्यांमध्ये देवाणघेवाण होती. फील्ड डॉग स्टड बुकात नोंद असली तर अमेरिकन केनेल क्लबातही नोंद मिळे, आणि उलटही. 1962 साली डिस्नेचा ‘बिग रेड’ हा चित्रपट आला, आणि सत्तरच्या दशकात आयरिश सेटर अमेरिकेतल्या सर्वात लोकप्रिय जातींत जाऊन बसला. मागणी वाढली की नावाची किंमतही वाढते. 1975 साली अमेरिकेच्या आयरिश सेटर क्लबाने अर्ज केला, की ही परस्पर नोंद आता थांबवा. तो मान्य झाला. शिकारी लोकांचा ‘रेड सेटर’ एका वाटेने गेला, प्रदर्शनातला आयरिश सेटर दुसऱ्या.

इथे विज्ञानाची थोडी साक्ष काढू. नोंदवही बंद केली की आतले पूर्वज तेवढेच राहतात, आणि लाडक्या नरांची वीण जास्त होते. त्यांच्यापैकी एखाद्यात लपलेला दोष असला, तर काही पिढ्यांनी तो दोन्ही बाजूंनी येऊन पिल्लात उघड होतो. आयरिश सेटरांत डोळ्यांच्या पडद्याचा असा एक रोग होता. कुत्रा लहानपणापासून आंधळा होत जाई. त्यामागचा जनुकीय दोष 1993 साली सापडला. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना दुबळं करणारा दुसरा दोष 1999 साली सापडला. आता तपासणी करून हे टाळता येतं, त्यासाठी संकर लागतोच असं नाही. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तपासणी सापडलेल्या दोषावर चालते. आटलेला वंश तिने रुंदावत नाही.

ही अडचण लाल-पांढऱ्या आयरिश सेटरने पुढे आणली. काउंटी डाउनमधले धर्मोपदेशक नोबल ह्यूस्टन आणि इतर काही लोकांनी मूठभर कुत्र्यांवरून तो वंश वाचवला. मूठभरांवरून वाचवला, म्हणून रक्त अरुंद. एकविसाव्या शतकात आयरिश केनेल क्लबाने स्वतःच त्याच्या लाल भावाशी ठरवून, नोंद करून संकर करायला परवानगी दिली. जे अमेरिकेत बंडखोरी ठरलं, तसंच काहीसं आयर्लंडमध्ये क्लबाच्या कागदावर आलं. अर्थात फरक आहे : इथे दोघं एकाच घरचे होते. पण तत्त्व मान्य झालं, की दार कधीतरी उघडावं लागतं.

मग प्रश्न उरतो, अमेरिकेतला रेड सेटर ‘खरा’ आयरिश सेटर आहे का? मला वाटतं, या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण त्यात दोन प्रश्न आहेत. वंशावळीने विचाराल तर त्याच्या अंगात इंग्लिश रक्त आहे, आणि ते कुणी नाकारत नाही. कामाने विचाराल तर वास येताच थिजणारा लाल कुत्रा, ज्यावरून सेटर हे नाव पडलं, तो हाच. वही खोटी नाही आणि रानही खोटं नाही. लॅव्हरॅकच्या गोष्टीत वंशावळ स्वच्छ दिसली, पण बाहेरचं रक्त तिच्यात लिहिलंच गेलं नव्हतं. लग्रँडच्या गोष्टीत कुत्रा मिश्र होता, पण नोंद खरी होती. या दोघांपैकी कुणाच्या वहीवर भरवसा ठेवून आपण पुढची वीण ठरवू, हे ज्याने त्याने आपल्याशी ठरवावं. मी स्वतः दुसऱ्या वहीवर ठेवीन.