हेमलॉकचं दुखणं

हेमलॉक म्हटलं की आपल्याला सॉक्रेटिसचा विषाचा प्याला आठवतो. ते विष गाजराच्या कुळातल्या एका रोपाचं होतं. आपण इथे पाहणार आहोत तो हेमलॉक निराळा. हा पाइन-देवदाराच्या कुळातला सूचिपर्णी वृक्ष, आणि तो मुळीच विषारी नाही. पानं चुरगळली की त्या रोपासारखा वास येतो, म्हणून युरोपीयांनी त्याला तेच नाव दिलं, असं म्हणतात. १८५५ साली कार्येर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने जपानी नाव घेऊन या प्रजातीला 'त्सुगा' म्हटलं. तिच्या जाती उत्तर अमेरिकेत आणि आशियात आढळतात. एक जाती आपल्या हिमालयातही आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पूर्व भागात कातडी कमावण्यासाठी या झाडाची साल लागे. न्यूयॉर्कजवळच्या कॅट्सकिल डोंगरांत सालीसाठी असंख्य हेमलॉक तोडले गेले. कितीतरी खोडं तिथेच कुजली. यातूनही वृक्ष सावरला. मग आला एक किडा.

हा आपल्या मावा किडीचा नातलग, जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा. पानाच्या बुडाशी सोंड खुपसून तो झाडाने साठवलेलं अन्न शोषतो आणि अंगाभोवती कापसासारखं मेण गुंडाळतो. १९२४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, ते अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नमुन्यांवरून. तिथले हेमलॉक मात्र धडधाकट होते. १९५१ मध्ये तो पूर्वेला, व्हर्जिनियातल्या रिचमंडला सापडला. पुढे तिथली झाडं काही वर्षांतच वाळू लागली.

असं का? उत्तर २००६ मध्ये डीएनएच्या तपासणीतून मिळालं. पूर्वेचा किडा पश्चिमेकडून आलाच नव्हता. त्याचं मूळ दक्षिण जपानात होतं. तिथे तो स्थानिक हेमलॉकवर राहतो, पण झाड मरत नाही. झाडात सहनशक्ती आहे आणि किड्याला खाणारे भुंगेरेही आहेत. पूर्व अमेरिकेत त्याला या दोन्हींपैकी कशाचाच अडसर नव्हता. शिवाय तिथे सगळ्या माद्याच. नराविना त्या अंडी घालतात. एक किडा पोचला तरी वसाहत उभी राहते.

आज मोलाच्या झाडांना कीटकनाशक देतात, जंगलात जपानमधले आणि पश्चिम अमेरिकेतले भुंगेरे सोडतात. कडाक्याची थंडीही किडे मारते. हिवाळे सौम्य झाले की हा मित्र दुरावतो.

वर्गात 'उपद्रवी कीटक' शिकवताना ही गोष्ट सांगून पाहावी. उपद्रव नुसत्या किड्यात नसतो. तो कुठल्या झाडावर बसला आणि त्याला खाणारं तिथे कोण आहे, यावर ते ठरतं.