टर्म भरण्याची कुळकथा

जूनच्या पहिल्या सरी पडून गेल्या आणि महाविद्यालयांची आवारे पुन्हा गजबजू लागली की जे शब्द दरवर्षी नव्याने कानांवर येतात, त्यांत ‘एटीकेटी’ या शब्दाइतका सर्वतोमुखी झालेला आणि तरीही आपल्या मूळ अर्थाला इतका पारखा झालेला दुसरा शब्द मला ठाऊक नाही. ‘त्याला केटी लागली’ असे म्हणताना ग्रहण लागावे किंवा कीड लागावी तसा स्वर बोलणाऱ्याच्या तोंडी असतो. वस्तुतः ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे ‘पुढील सत्रे भरण्यास मुभा आहे’, या इंग्रजी वाक्याची ही आद्याक्षरे. त्या वाक्यात नापास हा शब्द कोठेही नाही; असलेच तर एखाददुसरा विषय राहिला म्हणून मुलाचे सबंध वर्ष बुडू न देता त्याला वरच्या वर्गात बसू देणाऱ्या संस्थेचे अभयवचन त्यात आहे. हे अभयवचन लाजिरवाणे कसे झाले, आणि मुळात ही ‘टर्म भरण्याची’ वहिवाट कोठून आली, याचा माग काढू लागले म्हणजे मनुष्य बराच दूर जाऊन पोहोचतो.

लॅटिन भाषेत ‘टर्मिनस’ म्हणजे शिवेचा दगड. जमिनीची शीव दाखविणारा हा शब्द पुढे काळाची शीव दाखवू लागला, आणि इंग्लंडातील न्यायासने वर्षातून ज्या चार ठरावीक मुदतींत भरत, त्या मुदतींना ‘टर्म’ म्हणण्याचा शिरस्ता पडला. ख्रिस्ती सणांवरून त्यांची नावे पडली. त्यांतील मायकेलमस, हिलरी आणि ट्रिनिटी ही नावे ऑक्सफर्डने आपल्या तीन सत्रांसाठी उचलली, ती तेथे अद्याप चालू आहेत. परंतु न्यायालयाची टर्म आणि विद्यापीठाची टर्म यांत एक मोठा भेद होता. न्यायालयाची टर्म न्यायाधीश चालवीत; विद्यापीठाची टर्म विद्यार्थ्याने भरावयाची असे, आणि ती भरणे म्हणजे व्याख्यानांना बसणे एवढेच नसून त्या गावात वास करणे होय. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याने कारफॅक्स या चौकापासून सहा मैलांच्या आत आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्याने ग्रेट सेंट मेरीज या देवळापासून तीन मैलांच्या आत राहिले पाहिजे, असा दंडक होता. मुक्कामाच्या रात्री मोजल्या जात आणि त्या पुऱ्या भरल्याखेरीज, परीक्षेत कितीही प्रावीण्य दाखविले तरी, पदवी पदरात पडत नसे. आपल्याकडे शिष्याला ‘अंतेवासी’ म्हणजे जवळ राहणारा म्हणत, ते याच अर्थाने. विद्या ही सहवासाने अंगी मुरते, ही श्रद्धा दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की आपल्या गुरुगृही रात्री मोजणारा कारकून नव्हता.

या वासाचे सर्वांत विलक्षण रूप लंडनमधील बॅरिस्टरांच्या संस्थांत, म्हणजे ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये, पाहावयास मिळे. तेथे टर्म भरावयाची ती भोजने घेऊन! बारा टर्म्स, म्हणजे सुमारे तीन वर्षे. प्रत्येक टर्ममध्ये होणाऱ्या सुमारे २४ भोजनांपैकी निदान सहांना हजर राहिले की ती टर्म भरली. १८८८ साली लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी इनर टेंपलमध्ये अशाच रीतीने टर्म्स भरल्या. चौघांच्या मेजामागे दोन बाटल्या मद्य मिळे आणि गांधी मद्याला स्पर्श करीत नसत, त्यामुळे आपल्या मेजावर चौथा म्हणून त्यांनी बसावे यासाठी सहाध्यायांत कशी ओढाताण चाले, हे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. पंक्तीला बसल्याने कायदा येत नाही हे त्या संस्थांच्या चालकांना ठाऊक नव्हते असे नाही. जुन्याजाणत्यांच्या पंक्तीला बसून धंद्याची रीतभात उमेदवाराच्या अंगवळणी पडावी, हा त्या भोजनांमागील मूळ हेतू. कालांतराने हेतू विरत गेला आणि मोजदाद तेवढी उरली.

आपल्या प्रांती ही टर्म आली ती १८५७ साली. १८ जुलै रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, तेव्हा त्याचा नमुना ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नव्हता; १८३६ साली सनद मिळालेले लंडन विद्यापीठ हा तो नमुना होता. हे विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. संलग्न महाविद्यालयांनी शिकवावे, आणि त्यांचा दाखला घेऊन येणाऱ्यांची विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, अशी त्याची रचना. मात्र पुढच्याच वर्षी, १८५८ साली, लंडन विद्यापीठाने महाविद्यालयात शिकल्याच्या दाखल्याची अट बहुतांशी काढून टाकली आणि आपल्या परीक्षांचे दार बाहेरच्यांस खुले केले. मुंबईने मात्र जी प्रत उतरून घेतली होती तीच जपली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून १८६२ साली पहिल्या तुकडीत बी.ए. झालेले महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या काळापासून आजच्या मुलांपर्यंत, प्राचार्यांनी टर्म मंजूर केल्याशिवाय परीक्षेचा अर्ज पुढे सरकत नाही. ‘टर्म ग्रँट झाली’, ‘टर्म अडकली’, ‘टर्मवर्क राहिले’, ‘डिफॉल्टरच्या यादीत नाव लागले’ हे आजचे सर्व वाक्प्रचार त्या जुन्या दाखल्याचीच संतती होत.

या टर्मला मराठीत प्रतिशब्द म्हणून ‘सत्र’ योजला गेला, तो ज्याने योजला त्याच्या भाषाज्ञानाचे मला नेहमी कौतुक वाटते. वैदिक कर्मकांडात बारा किंवा त्याहून अधिक दिवस चालणाऱ्या सोमयागाला सत्र म्हणत, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात यजमान निराळा आणि ऋत्विज निराळे असा भेद नसे; जे बसत ते सगळेच यजमान, फळाचे वाटेकरीही सगळेच. शिकविणारा आणि शिकणारा एकाच आसनावर दीर्घकाळ बसून एकाच फळाची वाट पाहतात, ही कल्पना टर्म या परक्या शब्दातही नव्हती. ती सत्राने पुरविली.

आता एका गावी भरलेली टर्म दुसऱ्या गावी चालते काय, हा प्रश्न टर्मइतकाच पुरातन आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डब्लिन ही तीन विद्यापीठे परस्परांच्या पदवीधरांना परीक्षेवाचून आपली तीच पदवी देत; या प्रघाताला ‘अड् युंडेम् ग्राडुम्’, म्हणजे ‘त्याच पायरीवर’, असे लॅटिन नाव होते. या प्रघाताने एक अत्यंत हृद्य प्रकरण घडविले. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे स्त्रिया राहत, व्याख्यानांना बसत, परीक्षाही देत. परंतु पदवी त्यांना मिळत नसे. १९०४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने स्त्रियांना प्रवेश दिला आणि जुन्या प्रघातानुसार या दोन विद्यापीठांत भरलेल्या त्यांच्या टर्म्स ग्राह्य धरल्या. मग १९०७ पर्यंत सुमारे सातशे स्त्रिया आगबोटीत बसून समुद्र ओलांडून गेल्या, भाड्याचे झगे अंगावर चढवून पदवी घेऊन परतल्या. ‘स्टीमबोट लेडीज’ हे नाव त्यांना त्यावरूनच पडले. स्वतःच्या विद्यापीठाने जे कष्ट मोजले परंतु मानले नाहीत, ते परक्या विद्यापीठाने मानले. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा १८९२ साली दिली. पदवी हाती यावयास १९२२ साल उजाडले. तीस वर्षे त्यांची सत्रे कोणत्या तरी नोंदवहीत भरलेली असूनही बिनमोलाची पडून होती, हे आठवले की मन विषण्ण होते.

आपल्याकडे विद्यापीठ बदलणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता विभागाची मंजुरी आणि मूळ विद्यापीठाचे गुणपत्रक यांसाठी खेटे घालावे लागतात, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. माझी भाची परदेशी निघाली तेव्हा तिच्याबरोबर मी विद्यापीठाच्या खिडकीशी उभा होतो. आतील वयस्क कारकुनांनी गुणपत्रकांच्या प्रती एकेक करून मूळ कागदांशी ताडून पाहिल्या, पाकिटात घातल्या, डिंकाने पाकिटाची जीभ चिकटविली आणि गोल शिक्का असा मारला की अर्धा जिभेवर आणि अर्धा पाकिटावर उमटावा. वर आडवी सही केली आणि म्हणाले, ‘बाळ, हे आता तूही उघडू नकोस.’ तिच्याच चार वर्षांचा हिशेब तिला उघडण्याची मनाई असावी, ही गोष्ट मला त्या दिवशी विचित्र वाटली. पण इतर कोणी तो वाटेत उघडू नये याची त्यात जी काळजी होती, तिचे मोल मला माझ्या स्वतःच्या एका आठवणीमुळे पुरेपूर ठाऊक होते.

द्वितीय वर्षाला माझा गणिताचा एक विषय राहिला. महाविद्यालयाच्या जिन्याखाली जाळीचे दार असलेला लाकडी फलक होता. त्यावर वरच्या वर्गात जाणाऱ्यांची यादी लागली आणि तिच्याखाली, तांबड्या शाईने रेघ ओढून, ए.टी.के.टी. असे लिहून आम्हा अकरा जणांची नावे, आडनावांसकट आणि राहिलेल्या विषयांसकट. मी ही गोष्ट घरी सांगण्यासाठी शब्द जुळवीत संध्याकाळी पोहोचलो, तोवर वडिलांना ती त्यांच्या कचेरीतील एका गृहस्थांकडून कळलेली होती; त्यांचा मुलगा आमच्याच महाविद्यालयात होता. वडील रागावले नाहीत. ‘तू सांगितले असतेस तर बरे झाले असते,’ एवढेच ते म्हणाले, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण सांगण्याचा माझा अधिकार त्या फलकाने सकाळीच काढून घेतला होता. परवानगीच्या शब्दाला कलंक लागला तो येथे, या जाळीच्या दारामागे, अशी माझी पक्की समजूत आहे.

नावे चव्हाट्यावर लावण्याची रीतही टर्मसारखीच तिकडून आलेली. केंब्रिजच्या सेनेट हाउसमध्ये गणिताच्या ‘ट्रायपॉस’ या पदवी-परीक्षेचा निकाल गुणानुक्रमे पुकारला जाई. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे नाव सीनियर रँग्लर, म्हणजे यादीतील पहिले, म्हणून पुकारले गेले तेव्हा हिंदुस्थानात जो आनंद झाला, त्याचे पडसाद ‘रँग्लर परांजपे’ या नावात आजतागायत उरले आहेत. पण त्याच यादीच्या शेवटच्या टोकाला जो असे, त्याच्यासाठी सेनेट हाउसच्या सज्जातून एक अवाढव्य लाकडी चमचा दोरीने खाली सोडीत. १९०९ नंतर गुणानुक्रम जाहीर करणे बंद झाले आणि तो चमचाही बंद पडला. पहिल्याचा गौरव आणि शेवटच्याची शोभा ही एकाच यादीची दोन टोके होत, हे केंब्रिजच्या ध्यानी यावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

विद्यार्थ्याची नोंद ही कोणाची मालमत्ता, याचा निवाडा कायद्याने स्पष्टपणे केला तो अमेरिकेत. न्यूयॉर्कचे सेनेटर जेम्स बकली यांनी मांडलेली दुरुस्ती १९७४ च्या ऑगस्टमध्ये कायदा झाली. आपले दफ्तर पाहण्याचा, त्यातील चूक दुरुस्त करून मागण्याचा आणि आपल्या संमतीवाचून ते इतरांस दाखविले जाऊ नये असा आग्रह धरण्याचा हक्क तिने प्रथम पालकांना दिला, आणि मूल अठरा वर्षांचे झाले किंवा महाविद्यालयात गेले की तो हक्क त्याचा स्वतःचा होतो, असे ठरविले. तेथे आता नावानिशी गुण फलकावर लावता येत नाहीत. आपल्याकडे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने परीक्षार्थीस स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा माहिती अधिकाराखालील हक्क मान्य केला, आणि २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. तरीही काही ठिकाणी नावे आणि विषयवार गुण यांची सबंध यादी कोणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवलेली मी पाहिली आहे. जिन्याखालचा फलक तेवढा गेला.

टर्मची जागा हळूहळू श्रेयांक, म्हणजे ‘क्रेडिट’, घेत आहे. त्याचे कूळ वासात नाही, तासांत आहे. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले, आणि त्या निधीस पात्र ठरण्यासाठी महाविद्यालयांनी प्रवेशेच्छूंकडून शाळेत पुऱ्या केलेल्या १४ घटकांची अपेक्षा करावी, एक घटक म्हणजे एका विषयाचे वर्षभरातील १२० तास, असे माप ठरले. निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून जन्मलेल्या या मापाच्या वळणावरच पुढे श्रेयांक रूढ झाले, आणि २०२१ साली आपल्याकडे श्रेयांकांची राष्ट्रीय पेढीही निघाली, जेथे मिळविलेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहतात आणि विद्यार्थी मध्येच थांबून पुन्हा येऊ शकतो. तासांची मोजदाद मला रात्रींच्या मोजदादीपेक्षा रुक्ष वाटते; पण थांबलेल्याला परत येऊ देणारी ही मुदत पाहिली की एका मनुष्याची मला आवर्जून आठवण होते.

१९१६ साली भीमराव आंबेडकर कोलंबियाहून लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले, आणि वर्षभरातच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली. त्यांचे सामान ज्या जहाजात होते ते पाणतीराने बुडाले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचे चटके बसले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र शिकविले, पगारातून पैसा बाजूला टाकला, शाहू महाराजांचे आणि नवल भथेना या मित्राचे साहाय्य घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले तेव्हा ती चार वर्षांची मुदत अद्याप सरलेली नव्हती.