पंचवीस गुणांची नदी

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पर्यावरण शिकावे, हे विद्यापीठांनी आपणहून ठरवले नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तसे निर्देश दिले; विद्यापीठ अनुदान आयोगाचा समान अभ्यासक्रम यायला २००३ साल उजाडले. त्यात लेखी परीक्षेला ७५ गुण होते, क्षेत्रभेटीला २५. आम्हाला हे २५ अधिक मोलाचे वाटतात. कोल्हापूरचेच घ्या. जयंती नाला पंचगंगेला मिळतो, त्या जागेच्या वर आणि खाली पाण्याचे नमुने घेऊन विरघळलेला प्राणवायू मोजावा. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्ये कुजवताना जीवाणू तो वापरून टाकतात. मासे का मरतात ते तिथे कळते. पण कितीतरी प्रकल्प मागच्या वर्षीच्या वहीवरूनच उतरवले गेले, आणि आपण शिक्षकांनी त्यांवर सह्या केल्या.