हैतीवरील अमेरिकी ताबा (१९१५–१९३४) : रस्ते, वेठ आणि मृतांची गणना

२८ जुलै १९१५ रोजी अमेरिकेचे नौसैनिक हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथे उतरले. राजकीय कैद्यांच्या कत्तलीने खवळलेल्या जमावाने त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष व्हिल्ब्रुन गियोम साम यांना ठार केले होते. सुव्यवस्था प्रस्थापित करणे हे या हस्तक्षेपाचे जाहीर कारण होय. तथापि त्याची पूर्वतयारी आधीच झालेली दिसते. डिसेंबर १९१४ मध्ये हैतीच्या राष्ट्रीय बँकेतील पाच लक्ष डॉलर किमतीचे सोने अमेरिकी युद्धनौकेने न्यूयॉर्कला नेले होते. १९१५ च्या तहाने जकात व तिजोरी अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाती गेली, आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हाताखाली जाँदार्मरी हे सशस्त्र पोलीस दल उभे राहिले.

या ताब्याचे समर्थन करताना त्या काळी बांधलेल्या रस्त्यांचा, पुलांचा व रुग्णालयांचा दाखला नेहमी दिला जातो. ही कामे झाली, यात शंका नाही. परंतु रस्ते कोणाच्या श्रमाने झाले, हा प्रश्न त्या दाखल्यातून वगळला जातो. १८६४ च्या ग्रामीण कायद्यात, शेतकऱ्याने आपल्या भागातील रस्त्यासाठी श्रम द्यावेत किंवा कर भरावा, अशी तरतूद होती. प्रत्यक्षात मागे पडलेले हे कलम जाँदार्मरीने पुनरुज्जीवित केले. माणसे आपल्या गावापासून दूर नेली गेली, ठरलेल्या मुदतीपलीकडे राबविली गेली. पळून जाऊ नयेत म्हणून दोरीने बांधल्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या. कायद्यातील श्रमकराची अशा रीतीने वेठबिगार झाली. ज्या समाजाने दास्याविरुद्ध बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळविले, त्याच्या दृष्टीने गोऱ्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील वेठ म्हणजे दास्याचेच पुनरागमन होते. १९१८ च्या संविधानाने परकीयांना जमीन खरेदीची मुभा दिल्याने ही भीती अधिकच दृढ झाली.

ऑक्टोबर १९१८ मध्ये वेठ रद्द झाल्याचे जाहीर झाले. परंतु आँश परिसरात ती पुढेही चालू राहिली, आणि तेथेच उठाव पेटला. त्याचे नेतृत्व सक्तमजुरीतून निसटलेला माजी लष्करी अधिकारी शार्लमेन पेराल्त याने केले. १९१९ च्या ऑक्टोबरअखेरीस वेषांतर करून छावणीत शिरलेल्या नौसैनिकांनी त्याला ठार मारले. दाराला बांधलेल्या त्याच्या प्रेताचे छायाचित्र दहशतीसाठी वाटण्यात आले; हैतीच्या जनतेने मात्र त्यात क्रूसावरील हुतात्मा पाहिला. १९२० मध्ये त्याचा उत्तराधिकारी बनोआ बात्राव्हिल मारला गेल्यावर उठाव ओसरला.

या संघर्षात किती माणसे मेली? नौसैनिक दलाचे प्रमुख जॉर्ज बार्नेट यांनी आपल्याच सैनिकांकडून सरसकट हत्या झाल्याची चिंता १९१९ मध्ये लेखी व्यक्त केली, आणि पुढे मृत हैतीवासीयांची संख्या ३,२५० दिली. हैतीचे इतिहासकार रोझे गायार यांनी दमनाचे व युद्धजन्य परिस्थितीचे बळी जमेस धरून ही संख्या सुमारे १५,००० मानली. दोन आकड्यांमधील हे अंतर केवळ गणितातील मतभेदाचे नव्हे. पहिला आकडा चकमकींच्या अहवालांवर आधारलेला आहे. तुरुंगात, वेठीत अथवा उद्ध्वस्त गावातून पळताना मेलेल्या शेतकऱ्याला अशा अहवालात स्थान नसते. सत्तेने ज्याची मोजणी आवश्यक मानली, त्याचेच दप्तर मागे उरते.

६ डिसेंबर १९२९ रोजी ले काय शहराजवळ मार्शातेर येथे नौसैनिकांनी शेतकऱ्यांच्या जमावावर गोळीबार केला. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने माघारीचा मार्ग मोकळा केला, आणि ऑगस्ट १९३४ मध्ये सैन्य परतले. आर्थिक देखरेख मात्र १९४७ पर्यंत टिकली. जाँदार्मरीतून घडलेल्या लष्करानेच १९४६ व १९५० मध्ये राष्ट्राध्यक्षांना पदच्युत केले. म्हणून या एकोणीस वर्षांचा हिशेब मांडताना रस्ता आणि वेठ यांची नोंद स्वतंत्र रकान्यांत करता येत नाही. ज्याला लाभ म्हटले गेले, त्याच्या उभारणीतच हानी घडली होती.