शेल, भिंत आणि चुकण्याची मुभा

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. परक्या माणसाला आपल्या यंत्रावर हुकूम सोडू द्यायचे आणि तरीही यंत्र शाबूत ठेवायचं, हे जमतं कसं? एखादी विद्यार्थिनी ब्राउझर उघडते, चौकटीत शेल स्क्रिप्ट लिहिते, 'रन' दाबते. ती स्क्रिप्ट बहुतेक वेळा दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर चालते. तिथला मालक तिला ओळखतही नाही. या धाडसामागे मोठा इतिहास आहे.

'शेल' हे नाव दिलं लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने. १९६०च्या दशकात एमआयटीत असताना त्यांनी 'रनकॉम' नावाचा प्रोग्राम लिहिला. फाइलमध्ये ओळीने मांडलेल्या आज्ञा तो एकामागून एक पार पाडायचा. शेल स्क्रिप्टचं बीज ते. पुढे १९७१मध्ये केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी शेल लिहिलं, १९७९मध्ये स्टीफन बोर्न यांचं शेल आलं आणि १९८९मध्ये ब्रायन फॉक्स यांचं बॅश.

आता शेलचा स्वभाव बघा. अतिशय आज्ञाधारक! मी स्वतः एकदा जुन्या प्रती पुसायला बसलो होतो. 'आरएम', मग तारा, मग प्रतींच्या नावाचं शेपूट, एवढंच टंकायचं होतं. ताऱ्यानंतर चुकून एक मोकळी जागा पडली. शेलने ताऱ्याचा अर्थ लावला 'सगळ्या फायली'. माझी व्याख्यानांची टिपणं गेली. 'नक्की ना?' असं कुणी विचारलं नाही. दोष शेलचा नव्हे, माझाच.

मग अशा सेवकाला परक्याच्या हाती कसं द्यायचं? उत्तर टप्प्याटप्प्याने सापडत गेलं. १९७९च्या सुमारास युनिक्समध्ये 'सीएचरूट' आलं. प्रोग्रामला एकच फोल्डर दाखवायचा आणि सांगायचं, बाबा रे, हेच तुझं जग. पण ही भिंत कच्ची. सर्वाधिकार असलेला प्रोग्राम ती ओलांडू शके. २००० साली फ्रीबीएसडीने 'जेल' आणलं. त्यात फायलींबरोबर चालू प्रोग्राम आणि नेटवर्कही वेगळं झालं.

तरी एक अडचण उरतेच. स्वतःच्याच प्रती काढत सुटणारी दोन ओळींची स्क्रिप्ट भिंत न ओलांडताही सगळं यंत्र खाऊन टाकते. म्हणून भिंतीबरोबर शिधाही ठरवावा लागतो: मेमरी इतकी, वेळ इतका. लिनक्समध्ये ही सोय २००८मध्ये आली आणि २०१३च्या डॉकरने हे सगळं सामान्य प्रोग्रामरच्या आवाक्यात आणलं. दुसरी वाट फाब्रिस बेलार यांची. २०११मध्ये त्यांनी ब्राउझरच्या आतच एक अख्खा संगणक उभा केला आणि त्यावर लिनक्स चालवलं. तिथे बिघडलंच काही, तर पान पुन्हा उघडायचं.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपण भिंतीला स्वातंत्र्याची शत्रू समजतो. इथे भिंत आहे म्हणूनच त्या मुलीला वाटेल ते करून बघता येतं. चूक करायची भीती गेली की शिकणं सुरू होतं.

पण एक सांगून थांबतो. ही भिंत बांधली ती मालकाचं यंत्र वाचवायला. तुमचं गुपित राखायला नव्हे. म्हणून आधी विचारा, माझी स्क्रिप्ट चालते कुठे? माझ्या ब्राउझरमध्ये, की दुसऱ्याच्या सर्व्हरवर? दुसऱ्याच्या घरी असेल, तर तिच्यात पासवर्ड लिहू नका.