महाविद्यालयीन कबड्डीतील मध्यरक्षक आणि त्याची व्यावसायिक पारख : एक ऐतिहासिक विचार

कबड्डीच्या इतिहासात चढाईपटूंची नावे जशी लोकांच्या तोंडी राहिली, तशी मध्यरक्षकांची राहिली नाहीत. कोपरारक्षकाची घोटापकड प्रेक्षकाला दुरूनही दिसते. मध्यरक्षकाचे, म्हणजे आजच्या बोलीतील 'कव्हर'चे, काम मात्र पुष्कळदा नजरेतून सुटते. परतीची वाट अडवणे, कोपऱ्याने पाय धरताच चढाईपटूवर झेप घेणे, धडक देऊन त्याला मैदानाबाहेर लोटणे आणि साखळी तुटू न देणे हे त्याचे काम. रेणापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या अशा खेळाडूची योग्यता कोणत्या मापाने ठरते, याचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

कबड्डीला नियमबद्ध रूप आले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रात. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने अखिल भारतीय स्पर्धा भरवली. त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो तेथेच राहिला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर या भागातील विद्यार्थी-खेळाडूला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत जाण्याची वाट अधिक जवळ आली. त्या वाटेच्या शेवटी मानधन नव्हते, नोकरी होती.

रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, महिंद्रा, भारत पेट्रोलियम अशा संघांनी खेळाडूंना पोसले. खेळाडू अनेक वर्षे संघात राहणार असल्याने साखळी सांभाळणाऱ्या माणसाचे मोल तेथे कळून येई. शासकीय नोकरीतील गुणवत्ताधारक खेळाडूंच्या ५ टक्के समांतर आरक्षणाचा आधार तर स्पर्धेतील स्थानाचे प्रमाणपत्र हाच आहे. या कागदी व्यवस्थेवर टीका पुष्कळ झाली आणि ती बरीचशी रास्तही आहे. परंतु सांघिक प्रमाणपत्रावर चढाईपटू व मध्यरक्षक यांत भेद नसतो, ही तिची एक नकळत घडलेली न्याय्य बाजू नोंदवायला हवी.

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि मोजमाप बदलले. पहिल्या लिलावात राकेश कुमारला सर्वाधिक, १२ लाख ८० हजार रुपये मिळाले होते. २०१८ च्या लिलावात सहा खेळाडूंनी एक कोटीचा टप्पा गाठला. मोनू गोयतची बोली १ कोटी ५१ लाखांवर गेली. या सहांत निव्वळ बचावपटू एकच होता, इराणचा फझल अत्राचली, आणि तोही डावा कोपरारक्षक. त्यानंतर रकमा वाढल्या तरी हा कल फारसा पालटला नाही. कारण उघड आहे. पकड चार जणांनी मिळून केली तरी संघाला गुण सहसा एकच मिळतो आणि आकडेवारीच्या तक्त्यात तो एकाच नावापुढे जातो. चढाईपटूला अडवून रिकाम्या हाताने परत पाठवणाऱ्याच्या रकान्यात तर काहीच पडत नाही.

अमेरिकन फुटबॉलमधील फुलबॅकची स्थिती अशीच आहे. चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देणे हे त्याचे मुख्य काम, आणि अनेक व्यावसायिक संघांनी ती जागाच ठेवलेली नाही. कबड्डीत कव्हर वगळता येत नाही, एवढाच फरक. मुंबईचा उजवा कव्हर विशाल माने २०१५ च्या विजेत्या यू मुंबात होता आणि २०१७ च्या विजेत्या पाटणा पायरेट्समध्येही होता, हा योगायोग मानणे कठीण आहे.

लातूर जिल्ह्याला पारखीची परंपरा आहे, पण ती कुस्तीची. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. आखाड्यात मल्ल एकटा उभा असतो, त्यामुळे जाणत्या वस्तादाला त्याची ताकद व डाव दोन्ही थेट दिसतात. मध्यरक्षक मात्र शेजारच्या कोपरारक्षकाशिवाय तपासताच येत नाही. निवड चाचणीत अनोळखी जोडीदार देऊन काही चढायांवर निकाल देणे म्हणजे त्याच्या निम्म्या खेळाकडे पाठ फिरवणे होय. त्यातच काळ्या मातीच्या मैदानावर अनवाणी घडलेला खेळाडू बूट घालून मॅटवर उतरतो, तेव्हा त्याच्या धडकेचा अंदाज काही काळ चुकतो. तो दोष खेळाडूचा नव्हे, सवयीचा असतो. वजन लीगच्या ८५ किलोच्या मर्यादेत हवे, हे ठीक. पण त्याच वजनात आडव्या हालचालीचा वेग किती, कोपऱ्याने पाय धरल्यावर तो किती लवकर पोहोचतो, घाईने पुढे जाऊन किती वेळा स्वतः बाद होतो, तीनच गडी उरले असता अव्वल पकडीसाठी थांबण्याचा धीर त्याच्याजवळ आहे काय, हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत.

यांची उत्तरे गुणपत्रकात सापडत नाहीत. गुणलेखकाशेजारी एका विद्यार्थ्याला बसवून, प्रत्येक पकडीत दुसरा हात कोणाचा होता आणि रिकामी चढाई कोणाच्या बाजूने परतली, एवढी नोंद ठेवण्यास वही आणि पेन पुरते. तीन वर्षांची अशी वही जवळ असलेला मध्यरक्षक निवडकर्त्यापुढे प्रमाणपत्राखेरीज आणखी काही ठेवू शकेल.